नऊचा आकडा

कोकोमोत, हायवेच्या कडेला, आमच्या बर्गरच्या दुकानापुढे
उंच खांबावर पाटी होती. तिच्यावरचे आकडे मी बदलायची.
बावीस वर्षं.
लांब काठी, टोकाला रबराची वाटी, थुंकी लावली की चिकटते.
एक आकडा उतरवायचा, दुसरा चढवायचा,
आणि वारा असला तर आधी स्वतःला सांभाळायचं.

नऊ कायम कमी पडायचे.
सगळ्या किमती नऊवरच संपतात ना.
एका मार्चमध्ये एक नऊ उडाला तो मक्याच्या शेतांकडे गेला,
तेव्हापासून सहा उलटा लावायची. कुणाच्या लक्षात आलं नाही.
किंमत वाढली की मात्र
काठी खाली यायच्या आत लक्षात यायचं.

"व्हर्लीन, आता कितीला?"
खिडकीजवळच्या टेबलावरून डेल्मार.
सकाळी सहाला येणारे ते तिघं, गिअरबॉक्सच्या कारखान्यातून रिटायर झालेले.
म्हाताऱ्यांची कॉफी वेगळी, स्वस्त.
पन्नास सेंट होती. मग पंच्याहत्तर. मग एक डॉलर नऊ.
एका बुधवारी एक एकोणपन्नास झाली.

होमरने वॉशिंग्टनपासून टोमॅटोपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला
आणि दुसरा कप भरून घेतला. तो अजून फुकट आहे.
ल्यूथर दुसऱ्या दिवशी घरून थर्मास घेऊन आला, टोपीखाली झाकून.
मॅनेजरला मी म्हटलं, औषध आहे त्याचं.
डेल्मार काही बोलला नाही.
तो गोळ्यांच्या डबीतून नाणी आणतो,
सोमवार ते रविवार, प्रत्येक खणात त्या दिवसाचे पैसे.
त्याने बुधवार उघडला, मोजला,
परत मोजला,
मग गुरुवारचं झाकण नखाने उचकटलं.

त्या आठवड्यात शनिवारी तो आला नाही.

दुपारी मी ड्राइव्ह-थ्रूवर, कानात हेडसेट.
लोकांना वाटतं, ऑर्डर सांगायला लागले की आम्हाला ऐकू येतं.
नाही. गाडी थांबली की लगेच येतं.
"एवढ्यात टेबलावर बसून जेवायचो आपण."
"मला भूक नाहीये, तुम्ही घ्या."
"मोठं नको. लहान घे, वाटून खा, आणि मागे रडारड नकोय मला."
एकीने सगळं मागवलं, बेरीज ऐकली,
मग एकेक काढत गेली. पहिलं स्वतःचं.
एकाने मला चोर म्हटलं.
खिडकीशी आला तेव्हा पाहिलं, पोरगाच होता,
बुटांवर वाळलेलं सिमेंट. माझ्याकडे बघेना.
मला इथलं जेवण निम्म्या किमतीत मिळतं.
आणि ती निम्मी किंमत
मी कामाला लागले तेव्हाच्या पुऱ्या किमतीपेक्षा जास्त आहे.
हे त्याला सांगता आलं असतं.
मागे पाच गाड्या होत्या.

गेल्या महिन्यात पडदा बसवला. चकचकीत.
आकडे आता कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून बदलतात,
बाराला एक, तीनला दुसरा.
कुणी मान वर करेपर्यंत होऊनही गेलेलं असतं,
आणि शिव्या द्यायला काठी धरलेली बाईही खाली नसते.
बिचारा होमर पडद्यालाच बोलतो.

आकड्यांचं खोकं मॅनेजर कचऱ्यात टाकायला निघाला
तेव्हा डेल्मार उठून मागच्या दारापर्यंत आला.
"सगळं नको. एक पाच दे आणि एक शून्य."
पाच ओरखडलेला, एका कोपऱ्यात तडा गेलेला.
शून्यं तळाशी होती, ढीगभर,
कोरी, एकमेकांना चिकटलेली.
नखांनी सोडवून दिलं एक.
त्याने दोन्ही बगलेत मारले, ट्रकच्या पुढच्या सीटवर उभे केले,
आणि, देवाशप्पथ, त्यांना पट्टा लावला.

मग परत आत आला.
शुक्रवार होता. त्याने शुक्रवार उघडला,
पडद्याकडे पाठ केली,
आणि मला विचारलं, "आज कितीला?"