तांबड्या शाईतले चार

स्मरणिकेसाठी ऑफिसनं मागितल्यात
केरबा सरनोबत सरांवर आठ ओळी.
फोटो मिळाला नाही. जिमखान्याची वही मिळाली,
पुठ्ठ्याला अजून चरबीचा वास,
चामड्याच्या बॉलला चोळायची ती.

फुटबॉल, चौदा वर्षं. जिंकले, हरले, बरोबरी.
बेरजा सरांच्या अक्षरात, नवाला लांब शेपूट.
बुटांचे जोड नऊ आणि पोरं अकरा,
हे वहीत नाही.
चिठ्ठ्या टाकायचे. दोघं अनवाणी निघाले
की सरही लाईनीवर अनवाणीच,
पावलं फक्कीनं पांढरी.

मंगळवार पेठेतला शिवाजी पेठेतल्याला
मेला तरी पास देईना.
सर ओरडले नाहीत. दोघांच्या सायकली बदलल्या:
न्या एकमेकांच्या घरी, सकाळी परत आणा.
तिसऱ्या दिवशी एकाच्या आईनं
दुसऱ्याला भाकरी वाढली.
तो दुसरा मी.

मग एका जूनमध्ये प्रिन्सिपॉल म्हणाले,
बास्केटबॉलही तुम्हीच बघा.
सरांनी तो खेळ उभ्या जन्मात पाहिला नव्हता.
नियमांचं पुस्तक पोस्टानं आलं,
मापांचं पान नेमकं भिजलेलं,
म्हणून शाहूपुरीतल्या लोहाराला
हातानंच दाखवलं, एवढी रिंग कर.
घरच्या कोर्टावर आम्ही चार सामने मारले,
गल्लीत हलगी, गुलाल, सगळं.

सांगलीला गेलो तर बॉल आत जाईचना.
रिंगेच्या काठावर फिरायचा, बाहेर.
सामना संपल्यावर सर माझ्या खांद्यावर चढले,
डोक्याचा रुमाल सोडला,
रिंगेवर आडवा ताणून गाठ मारली.
परतीच्या एस्टीत ती गाठ मुठीत,
आणि सर उघड्या डोक्यानं, गप्प.

आमची रिंग चार बोटं मोठी निघाली.
'कुणाला कळतंय, सर?' कुणीतरी म्हणालं.
'मला कळलंय की.'

रिंग कापून आणली.
चारही कॉलेजांना कार्डं टाकली.
आणि वहीत ते चार विजय खोडले,
पट्टी लावून, तांबड्या शाईनं.
पुढची दोन वर्षं नुसतं 'हरले', 'हरले',
तेच अक्षर, तेवढंच वळणदार.

ऑफिसातला पोरगा म्हणतो,
काका, खोडलेलं सोडा, जिंकलेलं लिहा.
मी ओळी मोजतोय.
आठांतल्या सहा
त्या रिंगेतच जातात.