तीन मिनिटांचा मी

काचेच्या खोक्यात बसते मी. कानांवर हेडफोन,
पुढ्यात पाण्याचा ग्लास, त्यावर बशी.
काचेपलीकडे सभागृह, बंद पडलेला एसी,
आणि प्रश्न एकच: राजधानीला म्हणायचं काय?
प्रिटोरिया, की त्श्वाने?
प्रत्येकाला तीन मिनिटं. मग घंटी.

दुभाष्यानं 'तो म्हणतो' म्हणायचं नसतं.
'मी' म्हणायचं. नियमच आहे तसा.

म्हणून सकाळी सव्वानऊला मी वेसेल टेरब्लांश झाले,
वय एक्याऐंशी, गुडघ्यात स्टीलची वाटी:
माझ्या बापाच्या थडग्यावर हे नाव कोरलंय.
पाटी काढाल, दगडाचं काय कराल?
माझी बायको शेवटी सगळं विसरली होती.
मुलांची नावं, माझं, मिठाला काय म्हणतात ते.
गावाचं नाव विचारलं की मात्र बरोबर सांगायची.
त्याचा आवाज फाटला.
माझा फाटू नये म्हणून मी बशी बाजूला केली, घोट घेतला.

नऊ-चाळीसला मी तिरो मोखेले. बावीस वर्षांचा.
वही आणलेली, उघडलीच नाही.
तुमच्या बैलगाड्या यायच्या आधी इथं नदी होती,
आणि नदीला नाव होतं.
माझ्या आजोबांनी तुमच्या भिंतींना विटा वाहिल्या,
रात्री नऊच्या ठोक्याला त्याच भिंतींनी त्यांना हाकललं.
आजी सांगायची, नावाचा अर्थ 'आपण सारखे'.
मागून कुणी ओरडलं, छे, काळ्या गाईचं नाव ते!
दुसरा: राजाचं!
तेही मी सांगितलं. आरडाओरडाही सांगावा लागतो.

मग लॉडियमचा दुकानदार, फारूक भामजी:
मला दोन्ही चालतील, साहेब.
चार हजार बिलबुकं छापून पडलीत,
भरपाई कोण देणार तेवढं बोला.
सभागृह हसलं. मला हसता येईना,
भामजी तेव्हा मी होते, आणि भामजी हसत नव्हता.

दुपारपर्यंत एका घशात अकरा माणसं,
त्यातली निम्मी एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.

जेवणाची पाकिटं आली. पाव, गार कोंबडी, सफरचंद.

एकसष्ट नंबर, सेइपाती मोलेक्वा.
मी जन्मले लेडी सेल्बोर्नला.
पुढच्या रांगेतल्या पोरांच्या कपाळाला आठी: हे कुठं आलं?
डोंगराच्या उतारावर. दारात पीचचं झाड.
मग ट्रक आले. घरं गेली, मागोमाग नावही.
त्यांनी आपलं ठेवलं.
तेव्हा सुनावणी नव्हती. असती तर आले असते.
ठाऊक आहे मला, नाव कुणा लाटसाहेबाच्या बायकोचं.
असेना. माझी नाळ त्या नावाखाली पुरलीय.
तेवढं परत करा.
मोठ्या शहराला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

घंटी.
कारकुनानं विचारलं, बाजूनं की विरोधात?
त्याच्या कागदावर रकाने दोनच.
मी तिच्या भाषेत विचारलं. तिच्या भाषेत तो प्रश्न
जरा जास्तच उद्धट वाटला.
ती म्हणाली, आले होते, एवढं लिही बाळा.
तो लिहीना. मी दोनदा सांगितलं.

रात्री लेकीनं फोनवर विचारलं, कोण काय म्हणालं गं?
सगळं मीच म्हणाले, म्हटलं,
आणि पुढचं बोलायला आवाजच उरला नाही.

पण त्याआधी, साडेपाचला, रस्त्याच्या कडेला,
टॅक्सीची वाट पाहणारी माणसं ओळीनं उभी.
तर्जनी आभाळाकडे केली की त्याचा अर्थ शहर.
टॅक्सीवाला थांबतो. नाव विचारत नाही.
इतर वस्त्यांच्याही खुणा आहेत, कुणाची मूठ, कुणाची तीन बोटं.

सेइपाती मोलेक्वा तिथंच उभी होती,
पाकिटातलं सफरचंद हातात,
आणि हात अर्धा वर.