आढळले नाही

रतलामच्या बसने आलेली बर्फाची पेटी.
आत जांभळ्या टोपणाची नळी, क्रमांक चारशे सतरा.
मज्जा. पहिल्याच ओढीची ना, मी वॉर्डात फोन करून विचारते;
दुसऱ्या ओढीत रक्त मिसळतं
आणि पातळ नमुना गोड बोलतो.

चेहरा माझ्यापर्यंत येत नाही.
येतं ते एवढंच: मुलगी, वय सात, उपचाराचा बारावा आठवडा.

सराफ्यात दुकानं मिटली की,
खाऊवाल्यांच्या शेगड्या पेटायच्या आधी
आमचे आबा उंबऱ्यांपुढची धूळ लोटून आणायचे.
झारेकरी.
घमेल्यात पाणी, पाण्यात अख्खी गल्ली,
आणि तळाशी, नशीब असलं तर,
मुगाच्या टरफलाएवढं सोनं.

मीही तेच करते. फक्त
काही सापडू नये म्हणून.

पेशींना रंगीत प्रतिपिंडं चिकटवायची,
एकेरी रांगेत लेझरपुढून सोडायच्या.
वीस लाख ठिपके पडद्यावर.
ओळखीचे ढग मी एकेक करून बाजूला सारते
आणि कोपऱ्यात राहतात दोनशे अकरा.

दोनशे अकरा.
चहा आला, निवला, साय धरली.
हे उरलेले, की नुकते उगवलेले?
औषधांनी भाजून काढलेल्या मज्जेत
नवी पेशी येते तीही अशीच:
कोवळी, अर्ध्या खुणांची,
थेट रोगाच्या वळणावर गेलेली.

पातुरकर मॅडम खुर्ची ओढून बसल्या.
अक्ष बदलला. पुन्हा बदलला.
चष्मा कपाळावर.
"बघ, वाट सोडत नाहीयेत.
लहान, मग थोडी मोठी, मग मोठी.
घरचीच पोरं आहेत गं."

अहवालात मी टंकते: आढळले नाही.
खाली, बारीक अक्षरात: पद्धतीची पोच दहा हजारांत एक.

खिडकीशी वडील. रात्र सरवटे स्टँडवर काढलेली,
पेटीची सुतळी अजून मनगटाला.
"मतलब, है ही नहीं ना, मैडम?"

नाही, आणि आढळले नाही.
आबा धुतलेली माती कधी फेकत नसत.
मोरीशेजारी ढीग असायचा,
आई कुरकुरायची,
पुढच्या वर्षी तीच पुन्हा घमेल्यात.

मी म्हटलं, आज चांगलं आहे.
तीन महिन्यांनी परत आणा.

त्याने तारीख दोनदा विचारली,
सुतळी सोडवली,
बोटांभोवती गुंडाळून
खिशात जपून ठेवली.