केसभर

शॉवर पंधरा दिवस रडतोय.
छत्तीस भोकांपैकी सात चालू,
त्यातलं एक नेमकं माझ्या डोळ्यात मारतं.
साने गुरुजी वसाहतीतलं बोअरचं पाणी,
बादलीवर पांढरं लिहून जातं,
तसंच या सांध्यावरही लिहीत आलंय
एकोणीस वर्षं.
खरवडलं तर नखात खडू येतो.

पाना लावला. घसरला.
फडकं गुंडाळून लावला. घसरला.
कोपर टाइलवर आदळलं
आणि आईच्या फोटोला ऐकू जाणार नाही
एवढ्या आवाजात मी एक शिवी दिली.
व्हिनेगरची पिशवी रबरानं बांधून ठेवली रात्रभर;
सकाळी न्हाणीला लोणच्याचा वास
आणि सांधा जागचा हललेला नाही,
लग्नात रुसून बसलेला मामा.

मग शमशादभाभींचं दार.
उद्यमनगरातलं त्यांचं लेथ विकून चार वर्षं झाली,
पण दस्तगीरभाईंचा चौदा इंची पाना
अजून पलंगाखाली, तेलकट फडक्यात.
दिला, आणि मागोमाग स्वतःच आल्या,
न्हाणीच्या दारात उभ्या, पदर नाकाला.
"सुतळी आणि सफेदा. बघा की.
गळू नये म्हणून तवा जन्माचं आवळायचे."
"आप्पांनी बसवलाय," मी म्हणालो.
"मग तर झालंच.
एकदम उलटा फिरवू नका.
आधी आवळा. केसभर.
कट्ट वाजलं की मग सोडा.
आमचे हे म्हणायचे, गंजाला आधी फसवायचं.
आणि वरचं पाणी बंद केलंय न्हवं?"

वरचं.

कॉक वरच्या मजल्यावर, धैर्यशीलच्या गॅलरीत.
टाकी सामाईक, जिना सामाईक,
मोटरचं बिल निम्मं निम्मं,
ते पाकीट दाराखालून सरकतं.
गेल्याच्या गेल्या गणपतीपासून बोलणं बंद,
पत्र्याच्या एका शेडवरून,
आणि खरं सांगायचं तर शेडवरूनही नाही.
तो वर चालतो ते मला खाली कळतं.
हल्ली डावा पाय ओढतो जरा.

फोन केला नाही.
जिन्यात उभा राहून,
दाराला नव्हे, कठड्याला म्हणालो,
"कॉक बंद करायचा होता."
कोण बोललं नाही.
कुकरची एक शिट्टी झाली कुणाकडं तरी.
मग चपला. मग पत्रा वाजला.
मग वरून,
"बंद केलाय गा."

पाना धरला. आवळला.
दिशा चुकतेय असं मनगट सांगत होतं,
खांदा सांगत होता, अक्कल सांगत होती,
तरी केसभर आणखी.
कट्ट.

मग उलटा.
आधी काळा भुगा, सुतळीचा,
मग एक आटा, कुरकुरत,
मग दुसरा,
मग नुसत्या हातानं, बरणीचं झाकण फिरावं तसा.
आत बघितलं तर पाइपात
करंगळी जाईल एवढीच वाट उरली होती,
आणि एवढ्याशा वाटेनं आम्ही सगळे
इतकी वर्षं अंघोळी करत होतो.

"झालं की," भाभी म्हणाल्या,
आणि पाना आधी पुसून मागितला.

लक्ष्मीपुरीतून आणलेला नवा शॉवर,
टेपचे अकरा वेढे.
हातानं बसवला,
पान्यानं पाव वळसा. तेवढाच.
आणखी आवळावंसं वाटत होतं.
पाना भाभींना देऊन टाकला.

"सोडू काय?"

वरून. एवढा वेळ
तो गॅलरीतच उभा होता.

"सोड," मी म्हणालो.

आधी हवा आली, खोकत.
मग लालसर पाणी, चुन्याचे खडे,
मग पाणी.
सांध्यावर एक थेंब जमला,
फुगला, लोंबला,
पडला नाही.
मी भिजत त्याच्याकडं बघत राहिलो.
वर कुणीतरी डावा पाय ओढत
आत गेलं.
दार लागल्याचा आवाज काही आला नाही.