फुल्या

डाव्या डोळ्यामागे आधी एक नागमोडी रेघ चमचमते,
मग शब्द सुटायला लागतात.
किल्लीला मी कात्री म्हणते
आणि सुधन्वा न बोलता पडदे ओढतो.

खालच्या केतकरकाकू म्हणाल्या,
सूर्य उगवायच्या आत दूध-जिलेबी.
एकवीस दिवस खाल्ली. वजन वाढलं.
सुंठेचा लेप, नाकात तूप, नवा चष्मा,
मी सगळ्यांचं ऐकलं.
डोक्यानं कुणाचंच ऐकलं नाही.

नळ स्टॉपजवळच्या डॉक्टर सबनिसांनी
गोळीआधी वही दिली.
"लिहा. किती वाजता, काय खाल्लं, किती झोपलात."
पंधरा वर्षांत पहिल्यांदाच कुणी
'टेन्शन घेऊ नका' म्हणालं नव्हतं.

रात्री एक बारकी गोळी,
दुसरी, दुखणं उंबऱ्यावर असतानाच.
मार्चच्या पानावर अकरा फुल्या.
ऑक्टोबरच्या पानावर चार.

चार आहेतच.

पण काल भर दुपारी कर्वे रस्त्यावर
बसच्या काचेवरचं ऊन थेट डोळ्यांत घुसलं
आणि मी स्कूटरवर, सवयीनं,
रेघेची वाट बघत राहिले.
सिग्नल सुटला. मागचा हॉर्न दाबून ओरडला,
"ओ काकू, झोपलात का?"

झोपले ना. काल रात्री.
सलग सात तास.