दोघींपुरतं

साडेनऊला दार उघडतं. काळे झगे, पांढरे सदरे,
गळ्याशी काळी फीत, आणि पहिला पेपर म्हणून
प्रत्येकाच्या छातीवर एक पांढरं कार्नेशन.
मधल्या पेपरांना गुलाबी, शेवटच्याला लाल.
ऑक्सफर्डात फुलांनाही वेळापत्रक असतं.

माझ्याकडे मधली रांग, टेबल एकशे एक ते एकशे साठ.
एकतीस वर्षं काउलीच्या कारखान्यात मोटारींच्या सीटा शिवल्या,
आता जूनमध्ये तीन आठवडे
दुसऱ्यांच्या मुलांच्या पाठी मोजते.
रबरी तळाचे बूट आपल्याच पैशाने घ्यावे लागतात.

प्रथम वर्ष, इंग्रजी भाषा आणि साहित्य.
पहिल्या तासात सगळे लिहितात,
दुसऱ्यात निम्मे छताकडे बघतात.
छत फार देखणं आहे. त्यावर उत्तरं नाहीत.
उरलेली प्रश्नपत्रिका मी वाचते.
वाचू नये असा नियम असेलही,
मला कोणी सांगितलेला नाही.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी.
एका अक्षराचं नावच काटा.
आपलीच भाषा, आणि आपल्यालाच
दारात उभं करून विचारते, कोण तुम्ही?
प्रश्न चौथा: उताऱ्यातल्या ‘वित्’ या सर्वनामावर टीप लिहा.
मी पान उलटलं. मागे, बारीक टाइपात, शब्दार्थ:
वित् – आपण दोघं.

आपण सगळे नव्हे. दोघंच.
तिसरं माणूस आलं की शब्द बदलायचा.

असा शब्द होता आपल्या घरात?
कुणी, कुठल्या फळीवर ठेवून विसरलं?
मी भिंतीला टेकले. टेकायचं नसतं.
डेस्मंड जाऊन सहा वर्षं झाली, मी अजून ‘आम्ही’ म्हणते:
आम्हाला एकच बाटली दूध पुरतं,
आम्ही रविवारी घरीच असतो.
दूधवाल्याने कधी दुरुस्त केलं नाही.
भला माणूस.

टेबल एकशे सदतीस. हात वर.
ओळखपत्रावर टॅम्झिन गार्बट, फोटोत हसणारी,
इथे ओठ चुन्यासारखे.
‘बाथरूम,’ म्हणाली. तोच हेल,
आईच्या माहेरचा, ग्रिम्सबीच्या मासळीबाजारातला,
शेवटचा स्वर खाऊन टाकणारा.

नियम असा: सोबत जायचं, बाहेर थांबायचं, बोलायचं नाही.
कॉरिडॉर लांब. तिचे बूट वाजतात, माझे नाही.
आत नळ चालूच. मग उलटीचा आवाज.
मी दार ढकललं.
सिंकवर वाकलेली ती, फूल पाण्यात.
‘चौथा प्रश्न,’ ती आरशाला म्हणाली,
‘रात्री येत होता. आता नुसती पांढरी भिंत.’

पान उलट, पोरी.
एवढंच. जन्मात पहिल्यांदा
विद्यापीठाला हवं ते माझ्या जिभेवर होतं
आणि ओठांवर टाके घातलेले, दुहेरी, कारखान्यातले.
मी फूल उचललं. उलटं केलं. पाणी झटकलं.
पुन्हा एकदा उलटं केलं, गरज नसताना.
तिच्या झग्याला टाचणीने लावलं.
ती माझ्या हातांकडे बघत होती की नाही,
देवाशपथ सांगता येणार नाही.

परत येऊन ती बराच वेळ नुसती बसली.
मी एकशे वीसला जादा कागद दिला,
एकशे चोपन्नचं पडलेलं पेन शोधलं.
मग पान उलटल्याचा आवाज.
साठ जणांत दर मिनिटाला कुणीतरी उलटतंच.
मी वळून पाहिलं नाही.

नोंदवहीत लिहावं लागतं:
गेली अकरा आठ, परतली अकरा सतरा.
संभाषण: नाही.
‘सोबत कोण’ या रकान्यात मी लिहिलं, दोघी.
मग खोडलं,
आणि नेहमीसारखं घातलं, ऑड्री क्वार्टरमेन.
खोडलेलं वाचता येतं अजून.