साडेसहा मिलिमीटर

धायरीच्या शेडमध्ये आमचं विमान
तीन पायांवर उभं असायचं. आता दोनच.
नाक टेकवलंय जुन्या टायरवर, खाली गोणपाट दुमडून,
शेंबूड पुसायला मान धरून वाकवलेल्या पोरासारखं.

जानेवारीत मुकुंदानं ते आपटलं.
म्हणजे, असं मी सगळ्यांना सांगितलं.
मागची चाकं टेकली, मग पुढचं,
मग पुढच्या पायाची नळी मधूनच गेली
आणि पंख्याच्या टोकानं मुरूम उडवला वीतभर खोल.
त्याला खरचटलंसुद्धा नाही.
"घाई नडली तुझी," मी म्हणाले, तिथंच, चार माणसांदेखत.
तो हेडफोनची वायर गुंडाळत बसला,
सुटली की परत पहिल्यापासून.
त्यानंतर शेडवर आला नाही.

हमीद शिकलगारांचं दुकान भोसरीत, नाल्याकडच्या गल्लीत.
वडील कात्र्यांना धार लावायचे,
हे डेअरीच्या नळ्यांना बारीक टाके घालतात.
मी म्हटलं, आतून एक नळी सरकवा, वरून जोडा,
घासून रंग मारला की दिसणार नाही.
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"बाई, सायकल असती तर जोडली असती.
सायकलवरनं माणूस रस्त्यावर पडतो."
पुढचं बोलले नाहीत.
शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

मग त्यांनी नळीला लाल औषध चोपडलं, पुसलं,
वर पांढरं फवारलं. थांबलो. चहा आला.
चहा संपेस्तोवर भेग स्वतःच उमटली:
बारीक लाल रेघ,
मी एकतीस वर्षं आठवी ब च्या
भूमितीच्या पेपरांवर ओढली तशी.
रेघेचं एक टोक मोडलेल्या कडेला.
दुसरं टोक भोकाशी.

भोक माझं.
चाकाच्या टोपणाची पट्टी बसवायला,
दोन वर्षांमागं, रात्री अकराला,
लाइट जायच्या आत उरकावं म्हणून मारलेलं.
नकाशात नव्हतं. एवढंसं तर आहे, वाटलं.
कडा घासायची राहिली.
आत रंग सोडायचा राहिला.

शिकलगारांनी नळी उभी कापली.
आत गंज, नाचणीच्या पिठासारखा,
दोन पावसाळे त्या भोकातून उतरून बसलेले.
ते काही म्हणाले नाहीत. मीही नाही.
मुकुंदाला मी किती जणांसमोर शून्य दिलं होतं
ते मोजत होते.

नवी नळी मिळायला सहा आठवडे लागले.
बोहरी आळीत म्हणाले, विमानाला? आमच्याकडं पाण्याची आहे.
आली तेव्हा जाडी मी तीनदा मोजली,
चौथ्यांदा शिकलगारांनी, मला न विचारता.
टाके घालताना पंखा बंद,
अंगावरनं घामाचे ओघळ,
गार वारा लागला की टाका ठिसूळ होतो म्हणाले.
टोपण मी बसवलंच नाही.
राहू दे चाक उघडं, धूळ खाईल.

जुनीच्या दोन फाका भाजीच्या पिशवीत घालून
सहकारनगरला गेले.
त्याच्या जेवणाच्या टेबलावर पेपर होता,
शब्दकोडं अर्धं सुटलेलं.
त्याच्यावरच ठेवल्या.
बसमध्ये चार वाक्यं पाठ केली होती,
एकही आठवलं नाही.

मुकुंदानं आत बोट घातलं,
लाल भुकटी अंगठ्यावर चोळून पाहिली.
"केवढ्याचं?"
"साडेसहा."
"पाचाचं पुरलं असतं, ताई."

उठून हात धुवायला गेला.
नळ बराच वेळ चालू होता.
मग तिथूनच ओरडला,
"पुढच्या चाकात हवा किती भरलीस?"